एसपीएमई फायबरची सफाई आणि कंडिशनिंग: आधी पाणी, मग आच

हापूसच्या रसाचा गंध जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून ओळखणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरवर) तपासायचा असला, की सॉल्व्हंटने अर्क काढत बसण्यापेक्षा एसपीएमई (सॉलिड फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शन) फायबर, म्हणजे सुईत दडलेला, कोटिंग लावलेला बारीक धागा, सोयीचं पडतं. व्हायलमध्ये रस घ्यायचा, मीठ घालायचं, झाकण लावायचं, सुई टोचून फायबर रसाच्या वरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे हेडस्पेसमध्ये, ठरावीक वेळ ठेवायचं आणि मग तेच फायबर जीसीच्या गरम इनलेटमध्ये (नमुना आत घ्यायच्या तोंडात) उघडायचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांच्या गटाने ही पद्धत पुढे आणली. १९९० मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध आला आणि १९९३ पासून सुपेल्कोचे तयार फायबर बाजारात मिळू लागले.

सॉल्व्हंट वाचतो, वेळ वाचतो, पण एक जबाबदारी वाढते. सॉल्व्हंट दर वेळी नवा घेतो. फायबर मात्र पन्नास-शंभर नमुन्यांना तेच असतं. मागच्या नमुन्यातलं थोडं ते धरून ठेवतं आणि प्रयोगशाळेच्या हवेतलं नको ते उचलतं. म्हणून फायबरची सफाई हा पद्धतीचाच भाग समजायला हवा. एम.एस्सी.ची मुलं ती ‘मशीन गरम होईपर्यंतचं काम’ समजतात, आणि मग आठवडाभराच्या डेटात एकच अनोळखी पीक (आलेखातला उंचवटा) सगळीकडे का दिसतोय, हे शोधत बसतात.

सगळ्या तपशिलांच्या आधी एक गोष्ट. फायबरवरची घाण दोन प्रकारची असते: आचेने उडून जाणारी आणि न उडणारी. लॅक्टोन, टर्पीन हे गंधघटक आणि हवेतला हेक्झेन ही पहिल्या प्रकारची. साखर, मीठ, प्रथिनं, पेक्टिन ही दुसऱ्या प्रकारची. पहिलीला कंडिशनिंग, म्हणजे वायूच्या प्रवाहात ठरावीक वेळ तापवणं, हाच इलाज. दुसरीला आच दिली की ती करपलेल्या दुधासारखी तळाशी पक्की बसते आणि मग कशानेच निघत नाही. बहुतेक फायबर वयाने मरत नाहीत. न धुता तापवल्याने मरतात.

आपलं फायबर कोणतं, ते आधी बघा

सुपेल्कोच्या फायबरच्या टोकाचा रंग बघून आतलं कोटिंग कळतं. रंग पाठ असण्यापेक्षा डब्यातला कागद जपून ठेवणं चांगलं, कारण तापमानाची मर्यादा आणि कंडिशनिंगचा वेळ त्याच कागदावर असतो. प्रयोगशाळेत हमखास दिसणारे प्रकार आणि त्यांचं पहिलं कंडिशनिंग साधारण असं (पीडीएमएस म्हणजे पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन, डीव्हीबी म्हणजे डायव्हिनाइलबेंझिन, कार्बोक्सेन हा सच्छिद्र कार्बन):

– लाल, १०० मायक्रॉन पीडीएमएस: २५० अंश सेल्सिअस, अर्धा तास. कमाल मर्यादा २८०.
– हिरवं, ७ मायक्रॉन पीडीएमएस: ३२० अंश, एक तास. ही त्याची कमाल मर्यादाही आहे.
– निळं, ६५ मायक्रॉन पीडीएमएस-डीव्हीबी: २५० अंश, अर्धा तास. कमाल २७०.
– पांढरं, ८५ मायक्रॉन पॉलिअ‍ॅक्रिलेट: २८० अंश, एक तास. कमाल ३००.
– काळं, ७५ मायक्रॉन कार्बोक्सेन-पीडीएमएस: ३०० अंश, एक तास. कमाल ३१०.
– करडं, ५०/३० मायक्रॉन डीव्हीबी-कार्बोक्सेन-पीडीएमएस: २७० अंश, अर्धा ते एक तास. कमालही २७०.

दुसऱ्या कंपनीचं फायबर असेल किंवा तुमच्या डब्यातला कागद वेगळं सांगत असेल, तर तो कागद खरा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं ‘आम्ही सगळी २५० वरच करतो’ हे प्रमाण मानू नका. २५० वर काळं फायबर नीट साफ होत नाही आणि ३०० वर निळं खराब होतं.

हा फरक कोटिंगच्या स्वभावातून येतो. पीडीएमएस हे घट्ट द्रवासारखं असतं. पदार्थ त्यात विरघळतात आणि आच लागली की बाहेर पडतात. कार्बोक्सेन आणि डीव्हीबी सच्छिद्र घनपदार्थ आहेत. पदार्थ छिद्रांत अडकतात, आणि कार्बोक्सेनची छिद्रं इतकी बारीक असतात, की थोडे जड रेणू आत शिरले तर लवकर निघत नाहीत. म्हणून काळ्याला जास्त आच लागते. करड्यात डीव्हीबीचा थर बाहेर असतो, तो जड रेणू आधीच अडवतो. पण त्याच डीव्हीबीमुळे २७० च्या वर जाता येत नाही. हापूससारख्या नमुन्यात हलके-जड दोन्ही प्रकारचे घटक असतात, म्हणून तिथे करडं सोयीचं, आणि ते साफ करणंही सगळ्यांत किचकट.

नव्या फायबरचं पहिलं कंडिशनिंग

नव्या फायबरला धुण्याची गरज नाही. त्यात कोटिंग बनवतानाचे उरलेले घटक आणि पॅकिंगमधून आलेले वास असतात, ते आचेने जातात.

आधी होल्डरमध्ये बसवून प्लंजर हळूच दाबा आणि दहापट भिंगातून बघा. कोटिंग अखंड आहे का, कुठे फुगवटा आहे का, फायबर सरळ आहे का. बोट लावू नका, टिश्यू पेपर तर अजिबात नको.

मग इनलेट. लायनर (इनलेटच्या आतली काचेची नळी) ०.७५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, सरळ, आणि त्यात काचेचं लोकर नको. लोकर राहिलं तर फायबर त्यावर आपटून तुटतं. नवशिक्यांची फायबर जातात ती बहुतेक अशीच. सेप्टम (सुई ज्यातून आत जाते ती रबरी चकती) शक्यतो आधीच छिद्र असलेलं घ्या. एसपीएमईची सुई आतून पोकळ आणि टोकाला बोथट असते. साध्या सेप्टममधून ती गेली की रबराचा गोल तुकडा कापून लायनरमध्ये पाडते, आणि पुढचे कित्येक रन तो तुकडा सिलॉक्सेन (सिलिकॉन रबरातले रेणू) सोडत राहतो.

कॅरियर गॅस (नमुना पुढे वाहून नेणारा वायू) चालू आहे, स्प्लिट व्हेंट (इनलेटमधला जादा वायू बाहेर सोडणारी वाट) उघडा आहे आणि स्प्लिट प्रवाह भरपूर आहे, याची खात्री करा. हा प्रवाहच घाण बाहेर नेतो. विश्लेषणाच्या वेळी आपण स्प्लिटलेस, म्हणजे ही वाट बंद, ठेवतो, त्याच पद्धतीत कंडिशनिंग चालू केलं तर फायबरमधली सगळी घाण कॉलमच्या (घटक वेगळे करणाऱ्या लांब, बारीक नळीच्या) तोंडाशी जमते. त्यासाठी ओव्हनही गार ठेवू नका. कॉलमला चालत असेल तितक्या वरच्या तापमानावर ठेवा. वॅक्स कॉलमची मर्यादा कमी असते, तेवढं भान असू द्या. एमएसचं फिलामेंट (त्यातली तापणारी तार) या वेळात बंद. प्रयोगशाळेत दुसरा, कमी वापरातला जीसी असेल तर त्याच्या इनलेटचं खालचं तोंड बंद करून, कॉलम न जोडताच कंडिशनिंग करणं उत्तम. पाल (PAL) नावाच्या ऑटोसॅम्पलरवर, म्हणजे नमुने आपोआप टोचणाऱ्या यंत्रावर, यासाठी वेगळं स्टेशन मिळतं. तिथे नायट्रोजन वापरता येतो. हीलियमचे भाव बघता ही सोय लवकर वसूल होते.

तापमान स्थिर झाल्यावर क्रम असा: सुई सेप्टममधून आत, होल्डर टेकला की प्लंजर दाबून फायबर उघडा, प्लंजर लॉक करा. फायबर किती खोल जावं, ते होल्डरवर बदलायची सोय असते. इनलेटचा वरचा भाग, सेप्टमजवळचा, बराच थंड असतो. फायबर मधल्या गरम पट्ट्यात पोचायला हवं. खोली कमी राहिली तर पडद्यावर २७० दिसतं आणि फायबरला प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच आच लागते. वेळ संपल्यावर आधी फायबर सुईत ओढा, मग सुई बाहेर काढा. उघडं फायबर सेप्टममधून ओढलं, की कोटिंग तिथेच राहतं.

पॉलिअ‍ॅक्रिलेटचा रंग पहिल्या कंडिशनिंगनंतर तपकिरी होतो. ते जळलेलं नसतं, टाकू नका.

गरम फायबरला ऑक्सिजन चालत नाही. कॅरियर लाइनला गळती असेल किंवा ऑक्सिजन ट्रॅप संपला असेल, तर कंडिशनिंगच कोटिंग खराब करतं. आणि ‘रात्रभर तापत ठेवू, सकाळी एकदम स्वच्छ मिळेल’ ही बऱ्याच ठिकाणची सवय मला पटत नाही. कागदावरच्या वेळेत जे निघत नाही, ते आठ तासांतही सहसा निघत नाही. कोटिंग मात्र झिजतं.

स्वच्छ झालं की नाही, हे घड्याळ सांगत नाही

ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवाय घेतलेला रन, सांगतो. पण एकच ब्लँक मारून ‘फायबर घाण आहे’ असं म्हणणं घाईचं, कारण तो पीक फायबरशिवाय आणखी तीन-चार ठिकाणांहून येऊ शकतो. म्हणून पायऱ्यांनी जा.

पहिला रन काहीही न टोचता, फक्त ओव्हन प्रोग्रॅम चालवून. यात दिसेल ते कॉलम, लायनर आणि सेप्टमचं. दुसरा रन नुकतंच कंडिशन केलेलं फायबर थेट इनलेटमध्ये उघडून. हा फायबर ब्लँक. तिसरा रन रिकामी व्हायल झाकण लावून, नमुन्याच्याच तापमानाला, तितकाच वेळ फायबर आत ठेवून. यात व्हायल, झाकणाचं सेप्टम आणि व्हायलमधली हवा येते. चौथा रन पाणी आणि मीठ घालून, रस वगळून. मीठ भट्टीत तापवून घेतलेलं नसेल तर हा चौथा रन कधी कधी चांगलाच धक्का देतो. ज्या पायरीवर पीक पहिल्यांदा दिसला, गुन्हेगार तिथला.

सिलॉक्सेन सगळीकडूनच येतात: फायबरमधल्या पीडीएमएसमधून, कॉलममधून, सेप्टममधून. मास स्पेक्ट्रममध्ये ७३, २०७, २८१, ३५५ या वस्तुमानांचे आयन दिसले की ओळख पटते. बेसलाइन तापमानाबरोबर चढत गेली तर तो कॉलम. ठरावीक अंतरावर सुटे, टोकदार पीक आले तर सेप्टम किंवा फायबर. नव्या फायबरमध्ये थोडे सिलॉक्सेन कायम राहणार. ते तुमच्या घटकांच्या जागी येत नसतील तर त्यांच्या मागे लागू नका. ब्लँकमध्ये ते दर वेळी तितकेच येतात, एवढं बघा.

हवेतून येणारी घाण

कंडिशन केलेलं फायबर बाहेर काढलं, की त्या क्षणापासून ते पुन्हा भरायला लागतं. सुईत ओढलेलं असलं तरीही. सुईचं तोंड उघडंच असतं. कार्बोक्सेन असलेलं फायबर यात सगळ्यांत पुढे. शेजारच्या फ्यूम हूडमध्ये कुणी हेक्झेनचा अर्क आटवत असेल, तर तुमच्या ब्लँकमध्ये हेक्झेन येणारच. सॅनिटायझर, अत्तर, डास पळवण्याचं मशीन, ताजा रंग, सगळं दिसतं. १४९ हा आयन दिसला की थॅलेट. ते प्लास्टिकमधून आणि हातमोज्यांतून येतात.

आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. करावी, पण एसपीएमईचा डबा त्या दिवशी दुसऱ्या खोलीत न्यावा. कापूर हा ९५ आणि १५२ आयनांचा सुरेख पीक देतो, आणि उदबत्तीत डायएथिल थॅलेट वापरलेलं असू शकतं.

उपाय साधा: फायबर इनलेटमध्येच राहू द्या, आणि व्हायल तयार झाल्यावर बाहेर काढून थेट तिच्यात टोचा. मध्ये चहा नको.

रोजचा क्रम

सकाळी पहिलं काम: कमाल मर्यादेच्या थोडं खाली, दहा-पंधरा मिनिटं तापवणं आणि मग फायबर ब्लँक. आदल्या दिवशी कितीही स्वच्छ ठेवलं असलं तरी हे टाळू नये. ब्लँक ठीक आला तर कामाला लागा. नाही आला तर आणखी पंधरा मिनिटं, पुन्हा ब्लँक. तरीही नाही, तर आच वाढवत बसू नका. खाली दिलेल्या धुण्याकडे वळा.

दोन नमुन्यांच्या मध्ये किती वेळ तापवायचं, हे नमुन्यावर अवलंबून. इथे हापूसचं उदाहरण कामाला येतं. त्याच्या गंधात ओसिमिन हे टर्पीन भरपूर असतं आणि फळ पिकताना लॅक्टोन व मेसिफ्युरेन येतात. ओसिमिन हलकं, २५० अंशांवर ते लगेच निघतं. लॅक्टोन जड, दोन-तीन मिनिटांत पूर्ण निघतीलच असं नाही. मग मोह होतो इनलेट सरळ २७० वर न्यायचा. पण ओसिमिनसारखी टर्पीन जास्त आचेत रूप बदलतात, त्यातून अ‍ॅलो-ओसिमिन तयार होतं, आणि मग आंब्यात नसलेलाच घटक अहवालात जातो. म्हणून विश्लेषणाची आच आणि सफाईची आच वेगळ्या ठेवाव्यात. नमुना सोडताना २४० ते २५०, आणि सोडून झाल्यावर फायबर वेगळ्या स्टेशनवर २७० ला. वेगळं स्टेशन नसेल, तर नमुना सोडायच्या वेळेनंतर स्प्लिट व्हेंट उघडून फायबर त्याच इनलेटमध्ये आणखी दहा मिनिटं राहू द्या. रन तसाही चालूच असतो, वेळ वाया जात नाही.

कॅरीओव्हर मोजणं

कॅरीओव्हर म्हणजे मागच्या नमुन्यातलं फायबरवर उरलेलं. ते मोजायला सगळ्यांत तीव्र नमुना घ्या, पूर्ण पिकलेल्या फळाचा. तो चालवा. मध्ये जास्तीचं तापवणं न करता लगेच तेच फायबर दुसऱ्यांदा इनलेटमध्ये उघडा आणि रन घ्या. दुसऱ्या रनमधलं पीकचं क्षेत्रफळ भागिले पहिल्यातलं, गुणिले शंभर. समजा एका लॅक्टोनचं क्षेत्रफळ पहिल्यांदा ८,००,००० आणि दुसऱ्यांदा २४,००० आलं, तर कॅरीओव्हर ३ टक्के. पिकलेल्या फळामागून कच्च्या फळाचा नमुना लावला, तर कच्च्यातलं लॅक्टोन खरं किती आणि उसनं किती, हे मग सांगता येणार नाही. एक टक्क्याच्या आत आणायचा प्रयत्न करावा, पण खरी कसोटी ही, की उरलेलं क्षेत्रफळ तुमच्या मोजण्याच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी हवं.

दुसऱ्या रनमध्ये काय उरलं, हेही नीट बघा. फक्त जड घटक उरले असतील तर आच किंवा वेळ कमी पडतोय. हलकेही उरले असतील तर फायबर गरम भागात पोचत नाहीये, किंवा प्रवाहात गडबड आहे, खोली तपासा. आणि फायबर न टोचता घेतलेल्या रनमध्येही तेच पीक दिसले, तर फायबर निर्दोष आहे, लायनर बदला.

नमुन्यांचा क्रम लावताना कच्च्याकडून पिकलेल्याकडे जावं असं बरेच जण सांगतात. पद्धत बसवताना ठीक. खऱ्या मोजणीत क्रम सरमिसळ हवा, नाहीतर कॅरीओव्हर लपून राहतो.

धुणं

हेडस्पेसमध्ये काम करताना फायबरला रस लागायलाच नको. लागतो तो व्हायल जास्त भरल्याने, ढवळताना उडालेल्या थेंबाने, किंवा सुई जास्त खोल गेल्याने. व्हायल अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. फायबर थेट द्रवात बुडवण्याची पद्धत असेल, तर मात्र धुणं दर नमुन्यामागे हवंच.

थेंब लागल्याचा संशय आला की फायबर इनलेटमध्ये नेऊ नका. आधी स्वच्छ, गाळलेल्या पाण्यात बुडवा. नमुना मोजायचाच असेल तर काही सेकंद पुरेत; साखर-मीठ निघतं आणि पाण्यात न विरघळणारे गंधघटक बहुतांशी टिकतात. नमुना सोडून द्यायचा असेल तर कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं, चुंबकाने हळू ढवळत. अल्ट्रासॉनिक बाथ नको, कोटिंग उडतं.

पाण्याने भागलं नाही, तर मेथेनॉल आणि पाणी समप्रमाणात, दहा-पंधरा मिनिटं. इथे कोटिंग बघून चालावं लागतं. १०० मायक्रॉन पीडीएमएस बाँड केलेलं (रासायनिक बंधाने पक्कं जोडलेलं) नसतं. हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये ते फुगतं आणि सुईत ओढताना सोलून निघतं. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट कुठल्याच फायबरला लावू नका. फायबर धरून ठेवणारा इपॉक्सी गोंद त्याने सुटतो. आम्ल-अल्कलीने घासून काढायचा विचारही नको.

धुऊन झाल्यावर फायबर उघडंच ठेवून वाळू द्या, अर्धा तास तरी, शक्य असल्यास नायट्रोजनच्या मंद झोताखाली. ओलं फायबर सुईत ओढू नका. ओलं फायबर २७० अंशांत घालणं त्याहून वाईट; छिद्रांतलं पाणी एकदम वाफ होऊन कोटिंग उचलतं. वाळल्यावर आधी १०० ते १२० अंशांवर दहा मिनिटं, मग नेहमीचं कंडिशनिंग, मग ब्लँक.

कोटिंगवर आधीच तपकिरी डाग बसला असेल, म्हणजे साखर करपली असेल, तर एकदा मेथेनॉल-पाण्याने प्रयत्न करून बघा. दुसऱ्यांदा नको.

ठेवणं आणि टाकणं

दिवस संपताना नेहमीचं तापवणं, फायबर सुईत, सुईचं टोक जुन्या स्वच्छ सेप्टमच्या तुकड्यात खुपसून बंद, आणि मूळ डब्यात. डबा सॉल्व्हंटच्या कपाटात नको, फ्रीजमध्ये नमुन्यांशेजारीही नको. फायबर बरेच दिवस पडून राहिलं असेल तर सकाळच्या पंधरा मिनिटांऐवजी पूर्ण कंडिशनिंग करा.

प्रत्येक फायबरला वहीत एक पान द्या: लॉट क्रमांक, पहिल्या वापराची तारीख, टोचण्यांची संख्या, धुतलं कधी, आणि दर दिवशीच्या अंतर्गत मानकाचं (प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घातलेल्या ओळखीच्या पदार्थाचं) क्षेत्रफळ. ही शेवटची नोंद सगळ्यांत मोलाची. कोटिंग झिजतंय हे डोळ्यांना दिसायच्या आधी या आकड्यात दिसतं; तो सलग काही दिवस उतरत गेला आणि इनलेट व एमएस ठीक असले, तर फायबर संपत आलंय. कोटिंगला चीर गेली, फायबर वाकलं, किंवा धुऊन-तापवूनही ब्लँक साफ येईना, तर त्याच दिवशी टाका. हजारो रुपयांची वस्तू आहे, जीव होत नाही हे खरं. पण त्या फायबरवरचे पुढचे सगळे रन पुन्हा करावे लागले तर गॅस, वेळ आणि हंगाम तिन्ही जातात, आणि हापूस पुढच्या मे महिन्याशिवाय मिळत नाही.

नवं फायबर जुनं पूर्ण संपायच्या आत आणून कंडिशन करून ठेवा. एकाच मानक मिश्रणावर दोन्ही चालवून बघा, कारण लॉट बदलला की प्रतिसादही थोडा बदलतो. कॅलिब्रेशन नव्या फायबरवर पुन्हा करावं लागतं. जुन्याचा आलेख त्याला चालत नाही.